मोगलाई हे नाव आपल्या मुलखाला कसं पडलं



घरात पोरांनी फार दंगा मांडला, कुणी न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात घातला, की आपण चटकन म्हणतो, "काय मोगलाई लागून गेली का?" पण आपल्या बीड जिल्ह्यात हा शब्द नुसता रागाचा नाही, तो पत्ता होता. जामखेड इंग्रजी हद्दीत आणि आष्टी मोगलाईत, असं आपल्या आज्या-पणज्या बोलायच्या. सोयरीक ठरवताना, बाजाराला जाताना, कर्ज फेडताना हा फरक लक्षात ठेवावा लागायचा.

आता यात एक कोडं आहे. मोगल बादशाह दिल्लीचे. आपल्यावर राज्य होतं हैदराबादच्या निजामाचं. मग निजामाच्या मुलखाला निजामाई म्हणायचं सोडून मोगलाई का म्हणायचे? आम्ही गटातल्या बायांनी याचा शोध घेतला, तेव्हा उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडलं. तो माणूस बादशाहाचा सुभेदार होता. मरेपर्यंत तो स्वतःला बादशाहाचा चाकरच म्हणवत राहिला. आणि हे म्हणत म्हणत त्यानं दख्खन आपल्या घरात घेतली.

त्याचं मूळ नाव मीर कमरुद्दीन. जन्म १६७१ सालचा. घराणं मध्य आशियातलं, बुखारा-समरकंदकडचं. आजोबा ख्वाजा आबिद औरंगजेबाच्या चाकरीत होते आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात जखमी होऊन गेले. वडील गाजीउद्दीन फिरोजजंग यांची दृष्टी गेली होती, तरी ते फौजेचे सरदार राहिले. आईकडचे आजोबा सादुल्लाखान, म्हणजे शाहजहान बादशाहाचे वजीर. थोडक्यात पोरगं दरबारातच वाढलेलं. चिनकिलिजखान, निजामुल्मुल्क, आसफजाह या त्याला पुढं मिळालेल्या पदव्या. आपण त्याला सोयीसाठी निजामच म्हणू.

मोगल साम्राज्य म्हणजे एका जातीचं, एका भाषेचं राज्य नव्हतं. तुराणी होते, इराणी होते, अफगाण, राजपूत, इथलेच बारहाचे सय्यद, दख्खनी मुसलमान, आणि मनसब घेतलेले मराठेही होते. एवढ्या लोकांना बांधून ठेवणारी दोरी एकच, जहागीर. बादशाह पगार रोखीनं देत नसे, अमुक परगण्याचा वसूल तुझा असं लिहून द्यायचा. जोवर वाटायला परगणे होते तोवर सगळे एका ताटात जेवत होते.

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दख्खनेत उतरला आणि पंचवीस वर्षं इथंच लढत राहिला. लढाईसाठी सरदार वाढले, सरदारांना जहागिरी हव्यात, आणि मुलूख तर फौजांनी तुडवलेला. त्यात १७०२ ते १७०४ असा मोठा दुष्काळ आणि रोगराई. मग जहागिरी कागदावर मिळायच्या, हातात काही यायचं नाही. दुष्काळात मंजूर झालेलं अनुदान खात्यावर कधी येईल याची वाट आपण बघतो ना, तसेच हे सरदारही वाट बघत बसायचे. फरक एवढाच की त्यांच्या हाताखाली घोडेस्वार होते.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. निजाम त्या वेळी विजापूरचा सुभेदार होता, वय पस्तीस. बादशाहाच्या मुलांमध्ये तख्तासाठी लढाई जुंपली, तेव्हा हा बाजूला बसून राहिला. जो जिंकेल त्याला सलाम करू, असा हिशोब. नव्या बादशाहानं त्याला दूर अयोध्येच्या सुभ्यावर पाठवलं. तिथं त्याचं मन रमलं नाही, त्यानं राजीनामा दिला.

१७१३ मध्ये फर्रुखसियर तख्तावर आला. त्यानं त्याला निजामुल्मुल्क ही पदवी दिली आणि दख्खनची सुभेदारी दिली. दख्खनचे सहा सुभे होते: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. आपलं बीड औरंगाबाद सुभ्यात. पण दोनच वर्षांत दिल्लीत ज्यांचं चालत होतं त्या सय्यद बंधूंपैकी धाकट्यानं, हुसेनअलीनं, ही जागा स्वतःकडे घेतली. निजामाची बदली झाली. गेला तो मुकाट्यानं, पण विसरला नाही.

हुसेनअलीला दिल्लीत बादशाहाशी भांडायचं होतं, पाठीशी फौज हवी होती. म्हणून त्यानं साताऱ्याच्या शाहू महाराजांशी करार केला. मराठ्यांनी फौज द्यायची, बदल्यात दख्खनच्या सहाही सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी घ्यायची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, शंभरात पंचवीस. सरदेशमुखी शंभरात दहा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे फौज घेऊन दिल्लीला गेले. तिथं फर्रुखसियरला तख्तावरून खाली ओढलं, आंधळं केलं आणि मारलं. नव्या बादशाहाच्या नावानं सनदा निघाल्या.

या कराराबरोबर एक बाई घरी आली. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हापासून त्या मोगलांच्या कैदेत होत्या. मुलगा शाहू १७०७ मध्ये सुटला, पण आई मागं राहिली. मुलगा कह्यात राहावा म्हणून आईला ठेवून घेतलं होतं, हे उघड आहे. जवळजवळ तीस वर्षं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत संपते. चौथाईच्या सनदेची कलमं मात्र पानभर. आम्हाला वाटतं, त्या दिवशी दिल्लीहून निघालेल्या सामानात सगळ्यात मोलाचं काय होतं हे शाहू महाराजांना विचारलं असतं, तर त्यांनी कागदाचं नाव घेतलं नसतं.

इकडं निजामाला सय्यदांनी माळव्याचा सुभा दिला होता, आणि लगेच तो काढून घ्यायची तयारीही चालवली होती. आता मात्र तो थांबला नाही. १७२० मध्ये त्यानं नर्मदा ओलांडली, असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं. त्याच्यावर उत्तरेकडून एक फौज आली ती त्यानं मोडली. मग औरंगाबादेहून दुसरी आली, तिची गाठ अकोल्याजवळच्या बाळापूरला पडली, तीही हरली. सय्यद बंधूंपैकी हुसेनअलीचा खून झाला, दुसरा कैदेत पडला. दिल्लीच्या तख्तावर आता तरुण मुहम्मदशाह होता, आणि १७२२ मध्ये त्यानं निजामाला बोलावून वजीर केलं. सुभेदारापासून वजिरापर्यंत. याच्या वर बादशाहच.

इथून पुढचं वर्ष-दीड वर्ष नीट बघण्यासारखं आहे, कारण निजाम खरंच काहीतरी दुरुस्त करायला गेला होता असं आम्हाला वाटतं. त्यानं काय मागितलं? सरकारी जमिनीचा वसूल इजाऱ्यानं, म्हणजे ठेक्यानं देणं बंद करा. पदासाठी नजराण्याच्या नावानं लाच घेणं बंद करा. जहागिरी कर्तबगार माणसांना द्या. हिंदूंवरचा जिझिया कर पुन्हा लावा, अशीही मागणी त्यात होती, ती लपवायचं कारण नाही. तो औरंगजेबाच्या तालमीत वाढलेला माणूस होता, त्याला जुनं सगळंच परत आणायचं होतं, चांगलंही आणि वाईटही.

इजारा म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला समजावून सांगायची गरज नाही. वरच्यानं आकडा ठरवायचा, मधल्यानं तो उचलायचा, आणि मग खालच्याकडून आकड्याच्या वर जेवढं निघेल तेवढं काढायचं. हात जितके जास्त, तितका कोयत्याचा भाव कमी. इजारदाराला गाव पुढच्या वर्षी जगतं की मरतं याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचा ठेका यंदाचा.

दरबारात कुणाला हे बंद व्हायला नको होतं. बादशाहाच्या मर्जीतले लोक निजामाच्या जुन्या चालीच्या पोशाखाला, त्याच्या वाकून सलाम करण्याला हसायचे. जुने इतिहासकार इथं कोकी जिऊ नावाच्या एका बाईवर सगळं खापर फोडतात. तिच्या हाती बादशाहाचा शिक्का असायचा, ती पैसे घेऊन हुकूम द्यायची, असं लिहितात. घेतही असेल. पण घेणारे पुरुष दरबारात रांगेनं उभे होते, आणि राज्य बुडालं ते बाईमुळे, ही कथा आपण गावातल्या पंचायतीपर्यंत ऐकत आलोय. म्हणून आम्ही ती जरा चिमूटभर मीठ घालूनच घेतो.

१७२३ च्या शेवटी निजाम दिल्लीतून बाहेर पडला. हवापालट आणि शिकार असं कारण सांगितलं, आणि हळूहळू दक्षिणेची वाट धरली. बादशाहानं काय केलं? हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला दख्खनची सुभेदारी देऊन टाकली. म्हणजे निजामाला अडव, असा इशारा.

दोघांची गाठ ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला पडली. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, त्याच तालुक्यातलं हे गाव. मुबारिजखान लढाईत मारला गेला. निजामानं त्याचं शिर कापून दिल्लीला पाठवलं, आणि सोबत मुबारकबादी कळवली की हुजूर, आपल्या एका बंडखोराचा बंदोबस्त केला आहे!

मैत्रिणींनो, हे पुन्हा एकदा बघा. हुकूम बादशाहाचा होता. हुकूम पाळणारा मेला. हुकूम मोडणारा जिंकला, आणि मेलेल्याला बंडखोर ठरवून मोकळा झाला. दिल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं. तरी १७२५ मध्ये बादशाहानं निजामाला दख्खन कायम केली आणि वर आसफजाह ही मोठी पदवी दिली. दुसरं करणार काय?

त्यानं वेगळं तख्त केलं नाही, स्वतःच्या नावाची नाणी पाडली नाहीत, शुक्रवारच्या नमाजाला खुतब्यात नाव बादशाहाचंच राहिलं. पण नेमणुका तो करू लागला, जहागिरी तो देऊ लागला, लढाया-तह तो ठरवू लागला, आणि वसूल इथंच राहू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर चूल वेगळी झाली, वाटणीपत्र झालंच नाही. सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर, पीक थोरला घेतो. अशी घरं आपण प्रत्येकीनं पाहिलेली आहेत.

आता आपल्या गावांचं काय झालं ते बघू. निजामाला दख्खन हवी होती, पण तिच्यावर चौथाईच्या सनदेचा बोजा आधीच चढलेला. एका गावात निजामाचा आमील येणार आणि मराठ्यांचा कमाविसदारही येणार. कागदावर चौथाई सरकारच्या वसुलातून जायची होती. पण सरकारनं आपला हिस्सा कमी करून घेतला आणि रयतेला सोडलं, असं जगात सहसा घडत नाही. पाटील-कुलकर्ण्याच्या ओट्यावर दोन धनी बसले, की तिसरीकडून, म्हणजे कणगीतूनच, भरणा होतो. कणगीतलं कमी झालं की घरात पहिल्यांदा कुणाच्या ताटातलं कमी होतं, ते आम्ही सांगायला नको.

निजामानं १७२७ मध्ये एक युक्ती काढली. छत्रपतींच्या घरात दोन गाद्या होत्या, साताऱ्याला शाहू महाराज आणि कोल्हापूरला त्यांचे चुलतभाऊ संभाजी. निजाम म्हणाला, खरा धनी कोण ते आधी ठरू द्या, तोवर चौथाई कुणालाच देणार नाही. भाऊबंदकीत तिसऱ्यानं न्यायाधीश व्हायचं आणि फायदा उचलायचा, ही चाल आपल्याला नवी नाही. मराठा सरदारांनाही तो आपल्याकडे ओढत होता. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन त्याच्याकडे गेला होता. शाहू महाराजांचे सरलष्कर सुलतानजी निंबाळकरही गेले. बीड शहरात डोंगरावर खंडोबाचं देऊळ आहे, दोन उंच दीपमाळा असलेलं. ते सुलतानजींनीच बांधलं असं एक परंपरा सांगते. तेव्हा ही मोगल विरुद्ध मराठा अशी सरळ रेघ नव्हती. निजामाच्या फौजेत मराठे होते, आणि त्याच्यासमोरही मराठेच होते.

बाजीराव पेशव्यानं या युक्तीला उत्तर दिलं ते घोड्यावर बसून. जालना, सिंदखेडचा भाग त्यानं लुटला, बुऱ्हाणपूरकडे हूल दिली, गुजरातेत उतरला. निजाम तोफा ओढत पुण्यात जाऊन बसला. बाजीराव परत औरंगाबादेकडे वळला, तेव्हा निजामाला पुणं सोडून मागं धावावं लागलं, आणि जड तोफखाना मागं टाकावा लागला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला घेरलं. दाणावैरण तोडली, आणि पाणी तोडलं. फेब्रुवारीत पाणी तुटणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या बाईनं डोळे मिटले तरी दिसेल. हजारो माणसं, घोडे, बैल, हत्ती, आणि हंडा रिकामा.

६ मार्च १७२८ रोजी पैठणजवळ गोदाकाठच्या मुंगीला तह झाला. आजच्या हिशोबानं ते गाव शेवगाव तालुक्यात येतं. चौथाई-सरदेशमुखी निजामानं मान्य केली, हाकललेले कमाविसदार परत घ्यायचं कबूल केलं. संभाजीराजांना बाजीरावाच्या हाती देणं मात्र त्यानं टाळलं आणि त्यांना पन्हाळ्याला सुखरूप जाऊ दिलं. शब्द दिलेल्या पाहुण्याला त्यानं विकलं नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी.

एकदा हरल्यावर त्यानं धडा घेतला तो असा: समोरासमोर लढायचं नाही, पण सोडायचंही नाही. पुढची वीस वर्षं तो मराठ्यांशी तह करी, मोडी, पुन्हा करी. १७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत गेला, तेव्हा घाबरलेल्या बादशाहाला पुन्हा या म्हाताऱ्या सुभेदाराची आठवण झाली. निजाम गेला, भोपाळला बाजीरावानं त्याला पुन्हा कोंडलं, आणि १७३८ च्या जानेवारीत माळवा देण्याचा करार त्याच्याच सहीनं झाला.

त्याच्या पुढच्याच वर्षी इराणचा नादिरशाह आला. कर्नालला मोगल फौज हरली. बोलणी करायला निजामालाच पुढं केलं, आणि त्यानं पन्नास लाखांवर सौदा ठरवत आणला होता. शत्रू पैसे घेऊन परत जाणार होता. पण मधेच एक मोठं पद रिकामं झालं आणि ते बादशाहानं निजामाला दिलं. अवधचा सुभेदार सादतखान जळून गेला. त्यानं नादिरशाहाला सांगितलं, पन्नास लाखांवर काय समाधान मानता, दिल्लीत चला, वीस कोटी मिळतील. २२ मार्च १७३९ ला दिल्लीत कत्तल झाली. मयूरासन गेलं, कोहिनूर गेला. दोन सुभेदारांच्या भांडणात शहर कापलं गेलं.

१७४० मध्ये निजाम परत निघाला, तो पुन्हा दिल्लीला गेला नाही. इथं येतो तर मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठलेला. बापानं बादशाहाशी जे केलं, तेच लेक बापाशी करत होता. १७४१ मध्ये औरंगाबादजवळ सत्तरीच्या बापानं मुलाला हरवलं, कैदेत टाकलं, आणि मग माफ केलं. बादशाहाला हे जमलं नव्हतं, ना हरवणं, ना माफ करणं.

१७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला तो वारला. मरण्याआधी त्यानं मुलासाठी मृत्युपत्र सांगितलं. त्यात एक गोष्ट अशी होती की मराठे हे या मुलखाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी सलोखा ठेवावा. ज्या माणसाची अर्धी हयात त्यांचा हिस्सा नाकारण्यात गेली, त्याचे हे शेवटचे शब्द. मुलांनी काही ते फारसे ऐकले नाहीत. १७६३ मध्ये त्याचाच दुसरा मुलगा निजामअली आणि माधवराव पेशवे यांची मोठी लढाई झाली, ती आपल्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, श्रावणात, भरल्या गोदावरीच्या काठी. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या बायांनी कधी त्या पात्राकडे या नजरेनंही बघावं.

निजामाची कबर खुलताबादला आहे, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात. औरंगजेबाची साधी कबरही तिथंच जवळ. वेरूळला सहल गेली तर दोन्ही एका फेरीत बघता येतात.

एक आख्यायिका हैदराबादकडे अजून सांगतात. दख्खनेत निघताना निजाम एका फकिराकडे गेला, फकिरानं त्याला कुलचे खायला दिले. त्यानं सात खाल्ले. फकीर म्हणाला, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. निजामाच्या झेंड्यावर म्हणे त्या भाकरीचंच चिन्ह होतं. सात निजाम झाले, हे मात्र खरं. अशा गोष्टी बहुतेक शेवट कळल्यावर तयार होतात. पण झेंड्यावर भाकरी असलेल्या राज्यात भाकरीसाठी किती मेहनत पडली, ते आपल्या पणज्यांना ठाऊक होतं.

दिल्लीचं साम्राज्य पुढं नावालाच उरलं, तरी हैदराबादच्या रुपयावर दिल्लीच्या बादशाहाचं नाव छापणं चालूच राहिलं. १८५७ चं बंड मोडलं, इंग्रजांनी शेवटच्या बादशाहाला रंगूनला धाडलं, तेव्हा कुठं ते नाव नाण्यावरून निघालं. म्हणजे निजामानं स्वतःची चूल मांडल्यावर एकशे तीसहून जास्त वर्षं आपल्या बाजारात फिरणाऱ्या पैशावर धनी म्हणून दुसऱ्याचंच नाव होतं. इंग्रजी हद्दीतला माणूस इकडं आला, रुपया हातात घेतला, की त्याला मोगलांचा मुलूख दिसायचा. म्हणून मोगलाई. पुढं नाणं बदललं, बोलणं बदललं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला सातव्या निजामाची सत्ता संपली आणि बीड जिल्हा भारतात आला, तोवर हे नाव चाललं.

तुमच्या घरी किंवा शेजारी नव्वदीच्या आसपासच्या आजी असतील, तर त्यांना विचारा की माहेर मोगलाईत होतं का इंग्रजीत, आणि कोणता रुपया कुठं चालायचा. पुढच्या गटाच्या बैठकीत ते सांगा. कुणाच्या माळ्यावर मोडीतले जुने कागद असतील तर ते चुलीत घालू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीतही कोंबू नका. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. चौथाई कुणी नेली आणि किती नेली, ते कदाचित त्यातच लिहिलेलं असेल.